पाचव्या सेकंदाला सुटलेली गाठ

असं कसं, टेट? — टेटच म्हणालास ना नाव? — नेब्रास्काहून दहा तास गाडी हाकत येतोस, ओढ्यावरच्या पुलानंतर उजवीकडे वळायचं, डावीकडे नाही, हे वाटेत कुणालाही न विचारता तुला ठाऊक असतं, आणि वासरू बांधायला तयार केलेली घोडी इथं मिळेल हे कुणी सांगितलं तेवढंच आठवत नाही? आठवत नाही म्हणे. घे, चहा घे, बर्फ आहे त्यात. मॅडम म्हणू नकोस मला. मॅडम मला फक्त विमेवाले म्हणतात, आणि गेल्या साली ती दोघं आली होती ना कॅमेरे लपवून, वासरांचे हाल होतात असं लिहिणारी, ती म्हणत होती. वेल्डा म्हण. माझा नवरा मर्ल पेंड आणायला गावात गेलाय, चारपर्यंत येईल, तोवर बस इथंच सावलीला. कुत्रा काही करत नाही. म्हणजे मी सांगेपर्यंत काही करत नाही.

खरं सांगू? गाडीतून उतरलास तेव्हाच मी म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. घोडी घ्यायला आलेला माणूस आधी तिचे पाय बघतो, मग दात बघतो, मग किंमत ऐकून टोपी काढतो आणि हसतो. तू आधी घराकडे पाहिलंस. मग ओसरीकडे. आणि मग मला काय विचारलंस? — "मर्लसाहेबांची मान कशी आहे आता?" घोडीचं नाव विचारायच्या आधी! मर्लच्या मानेचं नेब्रास्कात कुणाला काय पडलंय? म्हटलं, बघू या तर खरं. म्हणून तर तांबडीवर खोगीर चढवून दिलं, म्हणून तर वासरू सोडलं तुझ्यापुढं, एक फेरी मारून बघ म्हटलं. तुला वाटलं, ही म्हातारी आपल्याला घोडी दाखवतेय. घोडी नव्हते दाखवत बाबा, तुला बघत होते.

पळत्या वासराच्या गळ्यात फास छान टाकतोस. खोटं कशाला बोलू? तांबडीनं मागं सरून दोर ताणून धरला तोवर तू उतरून वासरापाशी पोचलासुद्धा होतास — उचललंस, आडवं पाडलंस, तीन पाय एकत्र, दोन वेढे, गाठ, हात वर. साडेआठ सेकंद असतील फार तर. पण माझं लक्ष तिकडे नव्हतंच. माझं लक्ष होतं तू निघायच्या आधी काय करतोस तिकडे. पाय बांधायची ती आखूड दोरी दातांत धरण्याआधी तू मानेमागून एकदा ओढून घेतलीस. अशी — या कानापासून त्या कानापर्यंत. कशाला? हो, हो, माहीत आहे कशाला. माती-कचरा लागला असेल तर मानेच्या कातडीला कळतं, बोटांना कळत नाही, बोटं राठ झालेली असतात. मला नको सांगूस. वीस-बावीस वर्षं मी रोडिओच्या शर्यतींत मैदानाच्या कुंपणांना टेकून काढली, शेकड्यांनी फासेवाले पाहिले, आणि दोरी मानेवरून ओढून घेणारा त्यात एकच माणूस पाहिला. तेव्हा आता तो पेला खाली ठेव आणि सांग मला — लँडिस ओरचा तू कोण?

आईचा नवरा. हं. म्हणजे लग्न केलं त्यानं. कधी? — सात वर्षं झाली! आणि तुझी आई… नीट वागते ना त्याच्याशी? नाही, सहज विचारलं. आणि करतो काय? — चारा घालतो. दुसऱ्याच्या गोठ्यावर, दुसऱ्याच्या गुरांना. लँडिस! अरे, देशातल्या पहिल्या वीस फासेवाल्यांत होता तो, लोक त्याचे हात बघायला यायचे, आणि तो चारा घालतो. बरं. बरं. मग आता काढ. काय पाठवलंय त्यानं? चिठ्ठी असेल तर माझ्याकडे दे, मर्लच्या हातात पडायच्या आधी मी वाचणार. — खिसे कशाला उलटे करतोस, मी काय पोलीस आहे? ठेव ते पाकीट आत. चिठ्ठी नाही तर तोंडी निरोप असेल. नाही? नुसती घोडी घ्यायला पाठवलं, आणि वर सांगितलं माझं नाव काढू नकोस? आणि मी यावर विश्वास ठेवायचा? तो इथून गेल्यापासून नऊ वर्षं या घराची टपालपेटी मीच उघडतेय, टेट, मर्लनं कधी उघडलेली नाही. फोन वाजला की हात पुसत पुसत मीच धावते. तो नेब्रास्काकडे गेलाय असं कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हापासून तिकडच्या नंबरपाटीची गाडी रस्त्यावर दिसली तरी ती पुढं जाईपर्यंत मी खिडकीशी उभी राहते. आज ती गाडी थेट फाटकातून आत आली. मग मी काय समजायचं?

भ्यायचं कशाला म्हणून काय विचारतोस? ज्या माणसाचं सगळं गेलं तो चिडलेला नसणार? तुला सांगितलं नाही त्यानं, इथून का गेला ते? इकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पेंडीच्या दुकानात कुणालाही विचार. लँडिस ओरनं आपल्या जोडीदाराची दोरी बिघडवली. असंच सांगतील. तेव्हा त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक, म्हणजे मर्लपुढं तोंड उघडताना तुला कळेल कुठं पाय ठेवू नये ते.

अकरा वर्षं दोघं एका गाडीतून फिरले. एकच ट्रेलर आणि एकच घोडी — पेनी, ही तांबडी तिचीच मुलगी — आधी मर्ल तिच्यावर बसायचा आणि मग लँडिस, किंवा उलटं, नाणं उडवून ठरवायचे. उन्हाळ्यात आठवड्याला चार-चार रोडिओ, एकानं चालवायचं, एकानं झोपायचं. भांडायचे ते फक्त गाडीतल्या गाण्यांवरून. मर्लची आई गेली तेव्हा शवपेटीची एक कडी लँडिसच्या हातात होती. मी कधी म्हणायची, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी? तर मर्ल म्हणायचा, त्याला स्वयंपाक येत नाही म्हणून तुझ्याशी. असले दोघं! आणि मग ती मान. त्या दिवशी पेनी लंगडत होती म्हणून मर्ल दुसऱ्याच्या घोड्यावर होता, तो घोडा दोर ताणताना घसरला आणि मर्ल डोक्यावर आपटला. उठला. वासरू बांधलं. टोपी हलवून लोकांना हसवलं पण. आणि संध्याकाळी डाव्या हातानं सदऱ्याचं बटण लावता येईना. टुल्साच्या डॉक्टरनं फोटो लावून दाखवला — हा मणका असा, हा असा, आणखी एक धक्का बसला तर गळ्याखालचं सगळं गेलं. खुर्चीत बसवून चमच्यानं भरवावं लागेल, असं म्हणाला, माझ्याकडे बघून म्हणाला. लँडिसनंच गाडी चालवत नेलं होतं आम्हाला, तोही दाराशी उभा राहून ऐकत होता. बाहेर आल्यावर मर्ल म्हणाला, हे आपल्या तिघांत. कुणापुढं बोलायचं नाही. मी हा हंगाम पुरा करणार.

का, तर पंधरावा होता तो. तुला सांगायला नको — वर्षअखेरच्या मोठ्या स्पर्धेला पहिले पंधराच जातात. बावीस वर्षं फास टाकत होता, एकदाही पोचला नव्हता. कधी अठरावा, कधी विसावा, एकदा सोळावा — त्या साली तर आठवडाभर जेवला नाही. आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुटक्या मानेनं, पंधरावा! लँडिस त्याच्या मागं, सोळावा. मर्ल म्हणाला, नाही पोचलो तर दोर खुंटीला टांगीन, तुझी शपथ. पण पोचला तर? दहा दिवस, दहा वासरं, दहा वेळा धावत्या घोड्यावरून उडी. मी हिशेब — नाही, हिशेब कसला, मला नुसती ती खुर्ची दिसायची. हातात चमचा घेतलेली मी दिसायची. भांडले, रडले, बॅग भरून बहिणीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. लँडिसला म्हटलं, तू सांग त्याला, तुझं ऐकेल. तो म्हणाला, सांगितलं वेल्डा, नाही ऐकत.

हंगामाचा शेवटचा रोडिओ कॅन्ससमध्ये होता, सप्टेंबरअखेर, भर दुपारी. वारा असा की टोप्या हातात धरून बसली होती माणसं. मर्लला वासरू चांगलं मिळालं, सरळ पळणारं, ना उड्या ना वळणं. नीट बांधलं की झालं, पंधरावा तो पंधरावाच राहणार होता. आणि त्यानं काय फास टाकला त्या दिवशी! माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पेनी जागच्या जागी रुतली, मर्ल धावला, आणि हात वर गेले तेव्हा घड्याळ सात पूर्णांक नऊ सेकंदांवर थांबलं. मग परत घोडीवर चढला, दोर सैल सोडला, आणि सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत वासरानं पाय सोडवले नाहीत की झालं. मी मोजत होते. एक. दोन. वासरानं एकदा पाय झाडले. तीन. चार. आणि पाचव्याला मागचा पाय निसटला, मग दुसरा, आणि वासरू उठून उभं राहिलं, अंग झटकलं आणि चालायला लागलं. झेंडेवाल्या पंचानं हात आडवा केला, म्हणजे फेरी बाद. वेळ नाही. बावीस वर्षं, आणि वेळ नाही! मर्ल उतरला, मातीतून दोरी उचलली, दोन बोटांत फिरवली, नाकाला लावली. तेल. खोगिराला चोळतात ते. आणि सकाळी खोगिराला तेल कुणी चोळलं होतं? लँडिसनं. त्याचे हात अजून तुकतुकीत होते. सोळावा होता ना तो, वरचा एक खाली आला की हा आत. दोन्ही गोष्टी जुळल्या की नाही? कुणालाही जुळलेल्याच दिसणार.

आणि ज्यानं कुणी लावलं ना, त्यानं डोकं चालवून लावलं होतं, हे लक्षात घे. दातांत धरायची वीतभर जागा कोरडी सोडलेली, नाहीतर मर्लला तोंडात घेताच चव कळली असती. वेढे बसतात तेवढ्याच भागाला लावलं होतं. तेसुद्धा बाटलीतून ओतून नाही. ओतलं तर चकाकतं. फडक्याच्या कोपऱ्यावर चार थेंब घ्यायचे, दोरी त्यात धरून एकदाच सरकन ओढायची, आणि वर दोऱ्यांच्या डब्यात असते ती पांढरी भुकटी चोळायची, म्हणजे हाताला कोरडी लागते पण आत… दोनदा ओढली तर जड होते, लगेच कळतं, म्हणून एकदाच —

असा काय बघतोस?

काय म्हटलं मी? जे झालं ते सांगितलं. मर्लनंच सांगितलं मला नंतर. मर्लनं — नाही. मर्लला कसं कळणार फडक्याचं. त्याला नुसता वास कळला होता.

पी तो चहा. पी म्हणते ना. बर्फ वितळला सगळा.

आता तू उठून मर्लला जाऊन सांगणार, असंच ना? सांग. नाही, थांब, आधी पुरतं ऐकून घे, अर्धवट नको सांगूस. मी लावलं. मर्ल घोडीचं अंग मोकळं करायला तिला फिरवत होता, दोरीचा डबा ट्रेलरमध्ये होता, फडकं माझ्या ॲप्रनच्या खिशात. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मला वाटलं होतं, गाठ सुटेल, मर्ल चरफडेल, शिव्या देईल, दोष वासराला देईल नाहीतर स्वतःच्या हातांना, आणि आम्ही घरी येऊ. कुणाला दोरीचा वास घ्यायचं सुचेल असं डोक्यातच आलं नाही माझ्या. आणि मर्लनं तिथंच, फाटकापाशी, सगळ्यांपुढं विचारलं — कुणी लावलं? ओरडून नाही. हळू. मी तिथंच उभी होते, हातात पेनीचा लगाम. मी तोंड उघडलं होतं, टेट. देवाशपथ, उघडलं होतं. निदान मला तसं आठवतं. कधी वाटतं, नव्हतं उघडलं, नंतर मीच घातलंय ते त्या आठवणीत. काहीही असो, आवाज माझा नाही आला. लँडिसनं माझ्याकडे पाहिलं, एवढंसं, आणि म्हणाला, "मी."

मी! काही संबंध नसताना! आणि मर्लनं त्याला हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्याचं सामान ट्रेलरमधून काढून बाहेर धुळीत ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. सदरे घडी घालून. बूट जोडीनं. दाढीचा डबा त्यावर. एकेक वस्तू, आणि लँडिस बाजूला उभा राहून बघत होता. मी गाडीत जाऊन बसले. एवढंच केलं मी. मग ही गोष्ट पसरली, पसरायला कितीसा वेळ लागतो? कुणी त्याला घोडा देईना, कुणी गाडीत घेईना, त्याच्या शेजारी बसून कुणी जेवेना. आणि गंमत बघ — लँडिस पंधरावा झालाच होता. मोठ्या स्पर्धेत त्याची जागा होती. गेलाच नाही. लोक म्हणाले, लाजेनं गेला नाही. पण मी काय म्हणणार? ज्यानं केलं नाही तो कशाला लाजेल? तेव्हापासून माझी खरी झोप उडाली. कुणी फुकट असा दोष घेतं का अंगावर? काहीतरी हवं असणार त्याला. माझ्याविरुद्ध जपून ठेवलं असणार, एक दिवस येऊन म्हणणार — वेल्डा, आठवतंय ना? मी वाटच बघत बसले रे. पहिली दोन वर्षं रोज, मग अधूनमधून, पण वाट बघतच. आणि आज तू आलास, मानेवरून दोरी ओढत. तेव्हा आडवळणानं बोलू नकोस. त्याला काय हवंय ते सांग. तांबडी हवी? घेऊन जा, आत्ता जोडून देते ट्रेलरला, एक डॉलर नको मला. फक्त मर्ल यायच्या आत जा.

काय?

पुन्हा म्हण.

त्यानं पाहिलं होतं. कुठून? — ट्रेलरच्या फटीतून. पेनीच्या बादलीत पाणी ओतत होता पलीकडे. म्हणजे मर्ल वासरामागं जायच्या आधी! आधी, की नंतर? आधी. अरे, मग मला अडवलं का नाही? मर्लला दुसरी दोरी द्यायची, डब्यात सहा होत्या! एक शब्द बोलला असता तर… तो बोलला नाही. बघितलं आणि पाणी ओतत राहिला. म्हणजे त्यालाही तेच हवं — हो. दाराशी उभं राहून त्यानंही ऐकलं होतं ना ते सगळं, गळ्याखालचं जाईल ते. म्हणजे "मी" म्हणाला ते… त्याला ते खोटं वाटतच नव्हतं. आणि हे त्यानं तुला कधी सांगितलं? — या वसंतात. आजारी पडला तेव्हा. बरा आहे ना आता? — मग हे इतका वेळ तू मला का बोलू दिलंस, गाढवा? — मी विचारल्याखेरीज बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यानं. हं.

आणि मला का वाचवलं? ते सांगितलं? — काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग. — "घरी जाऊन ज्याच्या शेजारी झोपायचं, त्या माणसावरचा तरी विश्वास राहू दे मर्लला." असं म्हणाला. लँडिस असं म्हणाला.

थांब जरा. तो चहाचा पेला दे इकडे.

आणि त्याला हवंय ते एवढंच? मर्ल चालतो कसा, ते बघून यायचं? म्हणून विचारत होतास मानेचं. आणि नऊ वर्षं मी टपालपेटीवर पहारा देत बसले होते. त्यानं कधी लिहिलंच नाही, आणि मी पहारा देतेय. मर्ल अजूनही कधी जेवता जेवता मध्येच थांबतो, माहीत आहे? मी विचारते, काय झालं? म्हणतो, काही नाही, लँडिसला हा घेवडा आवडायचा. असं म्हणतो, आणि मग स्वतःवरच रागावतो, आणि मी त्याला आणखी वाढते. नऊ वर्षं. मी म्हणायची, विसर रे त्या हरामखोराला. मी म्हणायची.

ती बघ धूळ. मर्लची गाडी. उतरताना नीट बघून घे त्याला, हेच बघायला आलायस ना. मान वळत नाही, कुणी हाक मारली की आख्खा वळतो, पण स्वतःच्या पायांवर वळतो. पोती स्वतः उचलतो, मी नको म्हटलं तरी. सांग लँडिसला. आता तू जा. घरी नाही, तांबडीला घेऊन त्या खालच्या कुंपणापर्यंत जा, आणि मी हाक मारल्याशिवाय वर येऊ नकोस. तुझं नाव-गाव, घोडी, तो आजारी होता ते, सगळं नंतर, तू सांग त्याला. आधी माझं. कुत्र्याला ने बरोबर. मागं वळून बघत जाऊ नकोस रे, जा ना सरळ! — मर्ल, पोती राहू देत गाडीतच. राहू देत म्हटलं ना. घोडी बघायला आलाय तो, त्याचं बघू मग. नाही, रडत नाहीये. कुणाला काही झालेलं नाही. ये, इकडे ये, टोपी काढ. मर्ल, कॅन्ससला तुझ्या दोरीला तेल लँडिसनं नव्हतं लावलं. मी लावलं होतं.